रुग्ण क्रमांक चार

कलिना व्हिलेजच्या गल्लीत विल्फ्रेडचं झेरॉक्स.
मागे पडद्याआड एक टेबल, एक पंखा, मी.
दर कुठे लिहिलेले नाहीत,
विल्फ्रेड तोंडीच सांगतो:
एमबीएचं असाइनमेंट पानाला साठ,
प्रबंधाचं प्रकरण बोलून ठरेल,
आणि चुका घालून हव्या असतील
तर वर दोनशे.
अस्सल चुका महाग पडतात.
कॉमर्सचा पोरगा स्वल्पविराम विसरतो,
समाजशास्त्राची मुलगी प्रत्येक परिच्छेद
'आजच्या आधुनिक युगात' असा उघडते.
तसा मीही उघडतो.

सकाळी दोन लेक्चरं, तासिका तत्त्वावर.
मार्चचा पगार जुलैत, तोही झाला तर.
तिथे वर्गाला सांगतो, स्वतःच्या शब्दांत लिहा,
आणि दुपारी इथे येऊन
त्यांच्या स्वतःच्या शब्दांत लिहितो.

प्रणोती भोईर, नर्सिंग, तिसरं वर्ष.
नाइट करून तशीच आलेली, पांढऱ्या बुटांवर आयोडीनचा थेंब.
सर, आपण पाहिलेला एक मृत्यू,
पंधराशे शब्द, सोमवारपर्यंत.
किती पाहिलेस, मी विचारलं.
ती बोटांवर मोजू लागली,
दुसऱ्या हातावर गेली,
तेवढ्यात तिला जांभई आली.
तुम्हीच घाला ना कुठला तरी.

माझ्याकडे एकच होता.

राजावाडी, बायकांचा वॉर्ड, खिडकीपासून तिसरी खाट.
रुग्णाचं नाव गुप्त ठेवावं, असा त्यांचा नियम,
म्हणून आईला मी रुग्ण क्रमांक चार केलं.
इंग्रजीत तिला मरणं सोपं गेलं.
धाप लागली की ती पदराचं टोक दातांत धरायची,
त्याला नीटसा शब्द मिळेना, गाळून टाकलं.
सलाइन, ऑक्सिजन, तक्त्यावरचे आकडे,
शेवटी 'यातून मी खूप शिकले' अशा अर्थाचं वाक्य,
आणि एक अस्सल चूक,
तिच्याकडून दोनशे घ्यायला जीव होईना.

दहा दिवसांनी फोनवर फोटो आला, लाल शाईचा.
दहापैकी साडेपाच. अनुभव वरवरचा.
विद्यार्थिनी रुग्णाजवळ होती, असं जाणवत नाही.

कोण असतील या मॅडम?
नोकरी त्यांनाच शोभते.
मी नव्हतोच जवळ.
रस्त्यापलीकडच्या दुकानात उभा होतो,
कुणाचं तरी चौथं प्रकरण प्रिंटरमधून येत होतं,
बेचाळिसाव्या पानावर कागद अडकला,
तो मी हलक्या हाताने, न फाटता, काढला.
वर आलो तर खाटेवरची चादर बदलत होते.
तुम्हाला शोधत होतो, म्हणाली कुणीतरी.

आमच्याकडे दुरुस्ती फुकट असते. एकदा.
रात्री बसलो.
आता ती पाणी मागते, तिला चमचाभर मिळतं.
कपाळावरचे केस कुणी मागे सारतं.
मनगटाजवळ तव्याचा जुना डाग,
त्यावर एका मुलीचा अंगठा, शेवटपर्यंत.
पदराचं टोकही या वेळी घातलं,
शब्द मिळाला नाही तर तीन ओळी खर्चून.

नऊ मिळाले.

प्रणोती उरलेले तीनशे द्यायला आली
आणि पैसे हातात धरून उभीच राहिली.
सर, ती चार नंबरची बाई.
माझी पोस्टिंग होती ना राजावाडीला,
तेव्हाची आहे का ती?
आता वाचताना वाटलं, मी होते तिथे.
पण आठवत कशी नाही?

असशील, म्हटलं.

विल्फ्रेडने तीनशेतले शंभर काढून घेतले,
बाइंडिंगला आलेला गठ्ठा माझ्याकडे सरकवला,
वर तीन चिठ्ठ्या, तीन नावं, सोनेरी अक्षरांत हवीत.
स्पेलिंग तपासून दे, म्हणाला,
मागच्या वेळी एकाचं नाव चुकलं
तर केवढा रडला होता तो.